एकहाती जोर: बँड कुठं हात देतो आणि कुठं फसवतो

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा 28 वर्षांचा आहे, वजन 74 किलो, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फिरत्या पाळीची नोकरी. लहानपणी चार वर्षं तालमीत गेलेला, त्यामुळं आजही 60 जोर सलग निघतात. तीन महिन्यांपासून दारात लावलेल्या बारला 45 मिलिमीटर रुंदीचा बँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, अडकवून, तो छातीखालून घेऊन एकहाती जोराचा, म्हणजे एका हातावरच्या पुशअपचा, सराव चाललाय. बँड लावून उजव्यावर आठ आणि डाव्यावर सहा निघतात. बँड काढला की अर्ध्या वाटेतच अंग जमिनीवर. त्यात आता डावं कोपर आतल्या बाजूनं दुखायला लागलंय. "वस्ताद, ताकद कमी पडतीय की पद्धत चुकतीय?"

पद्धत चुकतीय. ताकद थोडी कमी आहे, पण तुला वाटतंय तिथं नाही.

पहिल्यांदा एक काम कर. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा मिळतो ना, 50 किलोपर्यंतचा, तो आण. बार आणि बँड यांच्या मध्ये तो अडकव आणि घरातल्या कुणाला तरी आकडा वाचायला उभं कर. तू दोन्ही हात टेकून, बँड छातीखाली घेऊन वर थांब, मग छाती जमिनीपासून चार बोटं राहील इतका खाली जाऊन थांब. दोन्ही आकडे लिहून ठेव. माझ्याकडं येणारा एक पोरगा वजनानं अगदी तुझ्याएवढा आहे, बँडही त्याच रुंदीचा, बार दोन मीटर उंचीवर. त्याचा काटा वर असताना 18 किलो दाखवत होता आणि खाली 31. तुझा आकडा दोन-तीन किलोनं इकडंतिकडं होईल, त्यापेक्षा जास्त नाही.

आता हिशेब मांडू. सरळ पुशअपमध्ये, अंग फळीसारखं ठेवून, हात ताठ असताना अंगाच्या वजनाचा सुमारे 69 टक्के भाग हातांवर असतो. छाती जमिनीजवळ आली की तो सुमारे 75 टक्के होतो. तुझ्या 74 किलोचे खाली झाले 55 किलो. दोन हातांनी करतोस तेव्हा प्रत्येक हातावर साडेसत्तावीस. एका हातानं, पण बँड लावून करतोस तेव्हा 55 मधून 31 गेले, राहिले 24. म्हणजे जिथं एकहाती जोराची खरी परीक्षा असते त्या खालच्या टप्प्यात तुझ्या हातावर साध्या दोन हातांच्या पुशअपपेक्षाही कमी वजन येतंय. तीन महिने तू हेच करतोयस. वर आल्यावर मात्र 33 किलो येतात, त्यामुळं हात थरथरतो, घाम येतो, आणि आपण भारी काहीतरी करतोय असं वाटतं.

बँड जितका ताणला जाईल तितकी त्याची ओढ वाढते, हा रबराचा गुणच आहे. जिथं आपण सगळ्यात कमजोर असतो तिथंच तो जास्त उचलतो, म्हणून तर तो सोयीचा. पण 45 मिलिमीटरचा बँड दोन मीटरवर बांधल्यावर तो मदत करत नाही, तो तुला पाळण्यात घालून झुलवतो. बँडच्या रंगावर विश्वास ठेवू नकोस. एका कंपनीचा हिरवा दुसरीच्या जांभळ्याएवढा असतो. रुंदी बघ. साधारण 13, 22, 32, 45 मिलिमीटर अशा पायऱ्या मिळतात, लांबी बहुतेकांची 104 सेंटिमीटर, म्हणजे 41 इंच.

हा झाला वजनाचा भाग. याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुझ्या तालमीच्या दिवसांतून समजावतो, म्हणजे लवकर ध्यानात येईल.

हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, खाली बसलेला पैलवान आठव. वरचा त्याला चीत करायला बघतोय, एक हात काढून घेतोय, कमरेला उचलून अंग पलटवायला बघतोय. खालचा काय करतो? छाती मातीला समांतर राखतो. उरलेल्या हातावर आणि विरुद्ध बाजूच्या पायावर भार घेतो आणि कमरेपासून काखेपर्यंतचं अंग दगडासारखं धरतो, कारण खांदे फिरले की कुस्ती गेली. एकहाती जोर म्हणजे नेमकं हेच, फक्त वरच्या पैलवानाच्या जागी तुझंच वजन आहे. उजवा हात टेकलायस, डावा उचललास, की डावा खांदा खाली पडायला बघतो. त्याला वर धरून ठेवायचं काम छाती किंवा दंड करत नाही. ते काम पोटाच्या तिरक्या स्नायूंचं, पाठीच्या पंखाचं, म्हणजे काखेखालच्या रुंद स्नायूचं, आणि डाव्या पायाचं. भार उजव्या तळहातापासून डाव्या पायाच्या चवड्यापर्यंत तिरका जातो. उजवा हात अंगाच्या मध्यरेषेच्या जितका बाहेर, तितका डाव्या पायावर भार जास्त.

म्हणूनच कुस्ती केलेली पोरं एकहाती जोर लवकर शिकतात. लोकांना वाटतं की हजार जोर मारून त्यांचे हात तयार झालेत. मला तसं वाटत नाही. त्यांना पीळ धरायची, म्हणजे अंग फिरू न देता आवळून ठेवायची सवय असते.

आणि तू बँड कसा घेतलायस? दोन्ही काखांखालून, छातीला झोळीसारखा. त्यामुळं डावा खांदा पडायचा प्रश्नच येत नाही, बँडनं तोही धरून ठेवलाय. वजन कमी झालं ते चालेल, कर्ज काढलंय असं समजू आणि हळूहळू फेडू. पण पीळ तू तीन महिन्यांत एकदाही धरलेला नाहीस. बँड काढल्यावर अर्ध्या वाटेत जे कोसळतं ते दंडामुळं नाही. खांदा फिरतो, कोपर बाहेर फेकलं जातं, आणि मग दंडाला काही करताच येत नाही. डाव्या कोपराचं दुखणं मला वाटतं इथूनच आलंय. त्याच्याकडं शेवटी येतो.

तुझ्या 60 जोरांबद्दलही एक कडू गोष्ट सांगतो. तालमीतला जोर आणि सरळ पुशअप एक नाहीत. जोरात आपण ढुंगण वर काढून, डोकं खाली घालून, छाती जमिनीजवळून पुढं सरकवत वर येतो आणि तसेच मागं जातो. मागं जाताना भार पायांवर सरकतो, हाताला श्वास घ्यायला जागा मिळते. खांदा, पाठ, दम यासाठी जोरासारखा व्यायाम नाही, मी स्वतः आजही सकाळी शंभर मारतो. पण 60 जोर निघतात म्हणजे 60 सरळ पुशअप निघतात असं नाही. आजच बघ: अंग फळीसारखं, खाली जायला तीन मोजायचे, तळाला एक मोजून थांबायचं, वर यायचं. असे 20 न डगमगता निघाले तर पुढचं वाच. 12-13 ला कंबर लोंबायला लागली तर महिनाभर हेच कर, एकहातीचं नाव काढू नकोस. सोबत एका कुशीवर, कोपर टेकून अंग उचलून धरायचं. प्रत्येक बाजूला 45 सेकंद. हे कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे.

आता खरा मार्ग. तो जिन्यातून जातो, बँडमधून नाही. बँड त्याच्या जोडीला.

हात उंचावर ठेवले की वजन कमी होतं हे तुला माहीत आहेच. 60 सेंटिमीटर उंच कट्ट्यावर हात ठेवले तर हातांवर अंगाच्या वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे तुझे 30 किलो. 30 सेंटिमीटरवर 55 टक्के, म्हणजे 40 किलो. बँड आणि कट्टा यांच्यातला फरक नीट समजून घे. कट्टा वजन कमी करतो पण पीळ तुझ्यावरच सोडतो. एका हातानं कट्ट्यावर केलेला पुशअप हा वरपासून खालपर्यंत प्रामाणिक असतो, डावा खांदा तुला स्वतःच धरावा लागतो. बँड जमिनीवरची खोली शिकवतो, म्हणजे छाती जमिनीजवळ असताना एका हातावर अंग कसं वाटतं ते. दोन्ही हवेत, पण बहुतेकजण बँड विकत आणतात आणि जिन्याकडं बघत नाहीत. जिन्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा त्याची किंमत वाटत नाही.

घराच्या जिन्याची पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटर असते. चौथ्या पायरीवर हात ठेव, तुला 60-70 सेंटिमीटर मिळाले. पाय खांद्यांच्या दीडपट रुंद. पाय रुंद घेण्यात काही कमीपणा नाही, एक हात आणि दोन पाय मिळून जो त्रिकोण होतो तो मोठा झाला की तोल सांभाळतो. उजवा तळहात खांद्याच्या थोडा आत, छातीच्या मध्याकडं. बोटं पसरलेली, आणि पायरीवर झाकण घट्ट बसवल्यासारखा तळहात बाहेरच्या दिशेनं पिळायचा. तो फिरणार नाही, पण त्यानं खांदा खोबणीत बसतो आणि कोपर बरगड्यांकडं येतं. कोपर अंगाशी चिकटवायचंही नाही आणि पंखासारखं उघडायचंही नाही, दोन्हींच्या मधे. डावा हात कमरेमागं किंवा मांडीवर. डावा ढुंगणाचा स्नायू आवळून धर. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे विसरतात. तो सुटला की कंबर फिरते आणि कंबर फिरली की खांदा.

खाली जा, तीन मोजत. दोन्ही खांदे एका पातळीत राहिले पाहिजेत. ज्या क्षणी डावा खांदा खाली गेला, तिथं त्या दिवसाचा तो सेट संपला. आणखी दोन रेटून काढता येतात, मला ठाऊक आहे, पण ते चुकीचंच गिरवणं होईल.

पाच सेट, प्रत्येक हातावर तीन ते पाच, मधे दोन-तीन मिनिटं बसायचं. दमायचं नाहीये. शिकायचंय. डाव्यानं सुरुवात कर, आणि डावा जितके काढेल तितकेच उजव्यानं. उजव्याला आणखी येत असतील तरी नाही. दोन्ही हातांवर पाच सेट पाचाचे स्वच्छ झाले की एक पायरी खाली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना बहुतेकजण अडकतात, तिथं महिना-दीड महिना गेला तरी घाबरू नकोस.

सुट्टीच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर जा. पायऱ्या दगडी आहेत, पक्क्या आहेत, आणि पाहिजे ती उंची मिळते. सकाळी सहाला तिथं माणसं पोहायला आलेली असतात, तुझ्याकडं कुणी बघणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घाटच पाण्याखाली असतो, तेव्हा घरचा जिना. शेवाळलेल्या पायरीवर एका हातावर अंग टाकायचा शहाणपणा करू नकोस.

आता बँड. आठवड्यातून एकच दिवस, आणि तुझा 45 चा नाही. तो पुलअपसाठी ठेव. 32 चा आणि 22 चा असे दोन घे.

कुठं बांधायचा यावर सगळं अवलंबून आहे. बँड 104 सेंटिमीटरचा. दोन मीटरवर अडकवला तर त्याचं खालचं टोक जमिनीपासून 96 सेंटिमीटरवर लोंबतं. तू हात ताठ ठेवून वर असतोस तेव्हा तुझी छाती साधारण 50-55 वर. म्हणजे सुरू करायच्या आधीच बँड 40 सेंटिमीटर ताणलेला. तोच बँड दीड मीटरच्या थोडा वर बांधलास तर वर असताना तो जेमतेम ताठ होतो आणि फक्त तळाला मदत करतो. आपल्याला हेच पाहिजे. वरचा अर्धा भाग तुझा, खालच्या अर्ध्यात त्यानं हात द्यायचा.

बार हलवता येत नसेल तर दुसरी युक्ती. आपल्याकडं जुन्या घरांत झोपाळ्याची कडी असते. ती छतात असते, फार उंच, पण तिला न ताणणारी जाड पट्टी बांध, टेम्पोवर माल आवळायला वापरतात तसली, आणि पट्टीच्या टोकाला बँड. पट्टी लांब केली की बँड खाली येतो. मी माझ्याकडं पट्टीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारून ठेवलीय. एक गाठ खाली आलास म्हणजे तळाला दोन-चार किलो कमी झाले, हे काट्यावर मोजून बघता येतं. बँड बदलून एकदम दहा-बारा किलोची उडी मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कडी आधी नीट तपास. ज्या कडीवर आजी निर्धास्त बसून सुपारी कातरायची ती पुरेशी पक्की असते, पण रंगाखाली गंज असेल तर खरवडून बघ.

अंगावर बँड कुठं? कमरेखाली घेऊ नकोस. बरेच व्हिडिओवाले तसा घेतात. कंबर पायांच्या जवळ, छाती लांब, त्यामुळं तेवढ्याच ओढीचा हाताला कमी फायदा होतो, आणि कंबर बँडनं उचलून धरली की ती लोंबतेय की नाही हे कळतच नाही. पहिले तीन-चार आठवडे छातीखालून, दोन्ही काखांत, तू घेतोस तसाच, पण 32 चा आणि खाली बांधलेला. यात खोली शिक. छातीखाली घडी घातलेला टॉवेल ठेव आणि तो छातीला लागला की वर.

त्यानंतर 22 चा, आणि तो फक्त काम करणाऱ्या बाजूनं. म्हणजे उजवा हात आणि उजवा खांदा बँडमधून घालायचा, डावी बाजू मोकळी. बँड जिथं टांगलाय ती जागा उजव्या खांद्याच्या बरोबर वर आली पाहिजे. आता उचलणारा बँडही उजवीकडं आणि टेकलेला हातही उजवीकडं, म्हणजे डावा खांदा पुन्हा पडायला बघणार आणि पीळ पुरा तुझ्या अंगावर येणार. वजन कमी, पीळ तसाच. पहिल्या दिवशी तुला वाटेल की बँड निकामी झालाय. बँड काखेच्या खोबणीत रुतता कामा नये, बरगड्यांच्या कडेवर बसला पाहिजे, आणि खाली जाड टॉवेल पाहिजेच. हाताला मुंग्या आल्या तर त्याच क्षणी काढ, काखेतून हाताच्या शिरा जातात. काहीजणांच्या अंगाच्या ठेवणीमुळं हा प्रकार बसतच नाही. तसं झालं तर हट्ट करू नकोस, जिन्यावरच जोर वाढव.

बँडच्या दिवशी पाच सेट तिनाचे, बास. आणि त्या दिवशी शेवटी दोन-तीन नुसती उतरण करायची: बँड न लावता, एका हातावर, पाच मोजत खाली, जमिनीला टेकलास की दोन्ही हातांनी वर. आपण उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली सोडू शकतो, त्याचा फायदा घ्यायचा. पण उतरण अंग फार दुखवते. तीनच्या वर नाही. कोपर पूर्ण बरं होईपर्यंत तर एकही नाही.

बँडची निगा यावर दोन शब्द, कारण माझ्या डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण आहे. तालमीतली सवय, सकाळी तेल लावून मालिश केलेली, आणि त्याच अंगानं मी महिनोन्महिने बँड वापरत होतो. हे बँड नैसर्गिक रबराचे असतात, तेल लागलं की रबर फुगतं, चिकट होतं, आतून कुजतं. एका सकाळी तो तुटला आणि टोक सरळ तोंडावर. चूक शंभर टक्के माझी. तेव्हा तेलाच्या अंगाला बँड लावायचा नाही. वापरून झाल्यावर साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळव, थोडी टाल्कम पावडर चोळ. गच्चीत उन्हात ठेवू नकोस. खिडकीच्या गजाला किंवा अँगलला बांधायचा झाला तर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळ, धारदार कडेवर बँड चिरतो. आणि दर वेळी बोटांनी ताणून पूर्ण लांबी बघ. केसाएवढी चीर दिसली की फेकून दे, जपून वापरू म्हणू नकोस.

फिरती पाळी असल्यामुळं वारांचं वेळापत्रक देत नाही, ते तुला पाळता येणार नाही. एवढंच बघ की जिन्याचे दोन दिवस आणि बँडचा एक, आणि कुठल्याही दोघांत किमान एक रात्र नीट झोपेची गेलीय. रात्रपाळी संपवून आलास की त्या दिवशी फक्त कुशीवरचं धरणं आणि थोडे जोर. माझ्याकडची एमआयडीसीतली पोरं रात्रपाळीच्या आठवड्यात नेहमी एक पायरी वर जाऊन करतात, आणि त्यांची प्रगती त्यामुळं थांबलेली मी पाहिली नाही.

खुराकाचं विचारलं नाहीस, पण कोल्हापुरात कुणी विचारलं नाही तरी बोलतात. अंगाच्या दर किलोला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं दिवसाला मिळाली की पुरे, तुझी होतात 118. गंगावेशच्या कट्ट्यावर उभं राहून अर्धा लिटर म्हशीचं दूध प्यालास तर त्यातली अठरा-वीस आली. एक अंडं म्हणजे सहा. पांढरा रस्सा कितीही ओरपला तरी तो रस्साच आहे, वाटीतले मटणाचे तुकडे मोज. आणि वजन दोन-तीन किलोनं उतरलं तर एकहाती जोराला सगळ्यात मोठी मदत तीच, पण उपाशी राहून नको.

आता कोपर. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघतो ना, 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. दुखण्याचंही तसंच ठरवून ठेव. शून्य ते दहा धर. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं, तर चालू दे. चारच्या वर गेलं, किंवा सकाळी कालच्यापेक्षा जास्त वाटलं, तर इशारा: दोन पायऱ्या वर जा, सेट निम्मे कर, दोन आठवडे. सहाच्या वर असेल, कोपराला सूज असेल, रात्री झोपमोड होत असेल, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर जिना, बँड सगळं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडं. मुंग्यांचं दुखणं मालिशनं घालवायच्या भानगडीत पडू नकोस. कोपराच्या आतल्या बाजूनं एक शीर जाते, तिच्यावर दाब असेल तर रगडून ते वाढतं.

तुझं वर्णन वाचून मला वाटतं की तू इशारा पातळीवर आहेस. डावा खांदा कमजोर, तो फिरतो, कोपर बाहेर जातं, आणि सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूला तिरका बसतो. वरून रोज आठ तास मशीनवर हात आवळून काम. आजपासून दोन आठवडे डाव्यानं एकहाती काहीच नको. दोन्ही हातांचे सावकाश पुशअप आणि कुशीवरचं धरणं चालू ठेव. मनगट दुखत असेल तर दोन विटा ठेवून किंवा जोर मारायच्या लाकडी ठोकळ्यांवर मुठी आवळून कर, मनगट सरळ राहतं. त्यानंतर डावा चौथ्या पायरीवरून सुरू कर, उजवा त्याची वाट बघेल.

किती दिवस लागतील हे विचारशीलच. तुझ्यासारख्या, आधीची तालीम अंगात असलेल्या माणसाला पहिला स्वच्छ एकहाती जोर यायला मी पाहिलेल्या बहुतेकांत चार ते सात महिने लागले. तुझे तीन महिने वाया गेले असं म्हणत नाही, पण ते यात धरू नकोस. काहीजणांना वर्ष लागलं. 95 किलोचा एक होता, त्याला दीड वर्ष लागलं, आणि माझ्या बघण्यातला सगळ्यात देखणा एकहाती जोर त्याचाच आहे. पाय जोडून करायचा हट्ट मात्र त्यानंतर वर्षभर तरी धरू नकोस, तो वेगळाच प्रकार आहे.

महिन्याभरानं व्हिडिओ काढ आणि मग पुढचं ठरवू. मोबाईल बाजूनं ठेवू नकोस, बाजूनं सगळ्यांचाच जोर छान दिसतो. डोक्याच्या समोर, जमिनीलगत, दोन हात अंतरावर ठेव. तिथून दोन्ही खांदे दिसतात.